तिसऱ्या ओळीचं पान

१

वहीतलं एक पान फाडलेलं होतं.

ओतिलिया ब्राकोने वही खिडकीशी नेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. वही किनाऱ्यावरच्या तंबूंच्या भाडेकरूंची, जानेवारी एकसष्टची, म्हणजे अठ्ठावीस वर्षं जुनी. बाकीची पानं काठापर्यंत पिवळी पडली होती. ही कड मात्र पांढरी होती.

"आन्सेल्मो, तिसरी ओळ कुठे गेली?"

"कसली तिसरी ओळ?"

"तंबूंच्या पहिल्या ओळीचं पान आहे, दुसरीचं आहे, चौथीचं आहे. तिसरीचं तू काय केलंस, त्यात तळलेले गोड चुरोस बांधून नेलेस?"

आन्सेल्मो 'गाविओता' किनाऱ्याचा मालक. पोट आधी आणि माणूस मागून, अशी त्याची चाल. "मी किनारा घेतला सत्तर साली," तो म्हणाला. "त्याआधी कोण कुठल्या तंबूत बसून उन्हात भाजला, त्याच्याशी मला काय घेणं? तू मागितलीस म्हणून माळ्यावरून काढली. आठवडाभर इथेच टेबलावर पडून आहे."

"आणि या आठवड्यात कुणी हात लावला?"

"माश्यांनी."

ओतिलियाबाईंनी वही मिटली. मार देल प्लाता या समुद्रकाठच्या शहरात उन्हाळी घरं आणि तंबू भाड्याने लावून देण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. गिऱ्हाईक किती खोल्या मागतं, यावरून कुणाचं लग्न मोडलंय आणि कुणाची सासू यंदा येणार नाही, हे त्यांना घरबसल्या कळायचं. पण त्या दिवशी त्यांना किनाऱ्यावर आणलं होतं ते एका पत्राने, आणि ते पत्र आल्यापासून त्यांना धड झोप नव्हती.

पत्र रिओ क्वार्तोहून आलं होतं. समुद्रापासून इतक्या आत, की तिथल्या माणसाला खारा वारा म्हणजे काय ते माहीत नसावं. लिहिणारी देल्फिना फेरेय्रा, वय तीस, शाळेत भूगोल शिकवणारी. आयुष्यातली पहिली समुद्रकाठची सुट्टी तिने वहीत रेघा मारून आखली होती. सोळा जानेवारीला सकाळी बसने पोचायचं. त्याच दिवशी बंदरावर जाऊन मासे खायचे आणि धक्क्यावर लोळणारे समुद्रसिंह बघायचे. संध्याकाळी हमरस्त्यावरच्या गर्दीत उगाच हिंडायचं. आणि शेवटी, अगदी साध्या अक्षरात:

"शक्य असेल तर गाविओता किनाऱ्यावर निळ्या लाकडी जिन्याजवळचा तंबू द्यावा. जिन्याची तिसरी पायरी मोडकी आहे, तेवढी मी सांभाळून उतरेन. मी मार देल प्लाताला कधीच आलेले नाही. आई नेत नसे."

निळा जिना सहासष्टच्या वादळात वाहून गेला होता. त्याचं चित्र कुठल्या पोस्टकार्डावर नव्हतं. आणि तिसरी पायरी मोडकी होती, हे ओतिलियाबाईंना पक्कं आठवत होतं, कारण त्यांचा स्वतःचा पाय तिथेच मुरगळला होता.

पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी ते आन्सेल्मोच्या कचेरीत मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ऐकायला दोघंच होते. एक आन्सेल्मो, आणि दुसरा दारात बसून तंबूंच्या पाट्यांवर आकडे रंगवणारा फेर्मिन. आठ दिवसांत पान नाहीसं झालं.

२

ओतिलियाबाईंनी देल्फिनाला लिहिलं, की जिना आता नाही, पण तुला तो ठाऊक कसा? उत्तर उलट टपाली आलं.

"तो मला स्वप्नात दिसतो, लहानपणापासून. चित्रकलेच्या तासाला मी तोच काढायचे आणि आई कागद फाडून टाकायची. दर उन्हाळ्याला ती मला कोर्दोबाच्या डोंगरात न्यायची. समुद्राचं नाव काढलं की ती रागावून विषय बदलायची. गेल्या ऑगस्टमध्ये ती वारली. शेवटच्या तापात म्हणाली, निळ्या जिन्यावरून एकटी उतरू नकोस. बाई, तिने माझ्यापासून काय लपवलं ते मला कळायलाच हवं. नाही कळलं तर मला माझ्याच घरात भाडेकरूसारखं वाटत राहील. सुट्टी हे तुम्ही निमित्त समजा."

आईचं नाव तिने लिहिलं नव्हतं. ओतिलियाबाईंनीही विचारलं नाही. तेव्हा त्यांना ते महत्त्वाचं वाटलं नाही, आणि या चुकीबद्दल पुढे त्यांनी स्वतःलाच शिव्या घातल्या.

डिसेंबरच्या शेवटी इथला उन्हाळा लागला आणि किनारा माणसांनी फुलला. फेर्मिनला गाठायला त्या भर दुपारी गेल्या. फेर्मिन ओयार्सो पूर्वीचा जीवरक्षक, आता तंबूंचा मुकादम. वय पन्नास, अंगाने लाकडाच्या ओंडक्यासारखा आणि बोलायला तितकाच.

"फेर्मिन, वहीतलं पान कुणी फाडलं असेल?"

"उंदरांनी."

"आन्सेल्मो म्हणतो माश्यांनी. तुमच्याकडे फार शिकलेली जनावरं आहेत."

तो हसला नाही. तेवढ्यात दक्षिणेकडून टाळ्या ऐकू आल्या. आधी दहापाच हात, मग पन्नास, मग ओळीच्या ओळी उठून उभ्या. एका मिशाळ गृहस्थाने चारेक वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेतलं होतं आणि तो वाळूतून चालत होता. ज्याच्या जवळून तो जाई तो टाळ्या वाजवायला लागे. हरवलेलं पोर सापडलं की इथे असंच करतात. टाळ्या जिकडून येतात तिकडे आईबाप धावत सुटतात. पोर त्यांच्या हातात पडलं की आणखी जोरात टाळ्या होतात, आणि मग सगळे परत आडवे होतात.

एक बाई केस मोकळे सोडून धावत आली. मिशाळ माणूस पोर तिच्याकडे देणार, तोच फेर्मिन मध्ये घुसला.

"थांबा. बाई, मुलाचं नाव काय?"

"अहो, माझाच आहे तो!"

"नाव सांगा. अंगावर खूण सांगा."

"सांतियागो. गुडघ्यावर टाके आहेत. तुमचं डोकं फिरलंय का?"

फेर्मिनने मुलाचा गुडघा पाहिला, मुलाला त्याचं नाव विचारलं, मग बाईला आणखी एकदा निरखलं आणि पोर सोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा चिडूनच.

"असाच आहे तो," शेजारच्या तंबूतली म्हातारी ओतिलियाबाईंना म्हणाली. "मी पंचवीस वर्षं बघतेय. स्वतः कधी पोर खांद्यावर घेत नाही. आणि दुसऱ्याने घेतलं तर पोलिसासारखा उभा राहतो. फार काळजी घेणारा माणूस."

ओतिलियाबाईंनी मान डोलावली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो हे त्यांना माहीत होतं. पण याचं तोंड कधी आणि कशाने पोळलं?

३

पाच जानेवारीला त्रेचाळीस नंबरच्या तंबूत इंगा स्कोव आली. दरवर्षी याच दिवशी यायची, याच तंबूत, एकटी. त्रेस आरोयोसकडच्या डेनिश शेतकऱ्यांपैकी. साठी उलटलेली, ताठ आणि गोरीपान. तिच्याबद्दल किनाऱ्यावर लोक हळू आवाजात बोलत. सतरा जानेवारीला दुपारी चार वाजता ती तंबूसमोर उभी राहून एकटीच टाळ्या वाजवते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वेळी आया आपापल्या पोरांना जवळ ओढून घेत.

तिचा तंबू तिसऱ्या ओळीत होता.

ओतिलियाबाई 'माते' या कडवट हिरव्या चहाचा नळीवाला पेला आणि गरम पाण्याची बाटली घेऊन गेल्या. नळी तीन वेळा इकडून तिकडे फिरेपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही.

"विचारा," इंगाच म्हणाली. "तुम्ही नुसतं माते पाजायला आलेल्या नाहीत."

"एकसष्ट साली काय झालं?"

इंगाने समुद्राकडे बघतच सांगितलं. एका दमात सांगितलं, जणू रोज मनात म्हणून तिला ते पाठ झालं होतं. मुलगी तीन वर्षांची व्हायची होती. शेजारच्या एक्केचाळीस नंबरात एक तरुण विधवा होती, तिचीही मुलगी तेवढीच. दोघी पोरी दिवसभर एकत्र, एकीची खेळणी दुसरीकडे. सतरा तारखेला इंगाची दाढ ठणकत होती. शेजारीण म्हणाली, जा, मी बघते दोघींकडे.

"मी पाच वाजता निळ्या जिन्यावरून उतरले. ती तंबूच्या दारात बसली होती. तिची मुलगी टॉवेलात गुंडाळून छातीशी घट्ट धरलेली, तोंडसुद्धा दिसत नव्हतं. मला म्हणाली, तुमची चार वाजता पाण्यात गेली." इंगाने पेला परत दिला. "जीवरक्षक अंधार पडेपर्यंत बुड्या मारत होते. समुद्राने काहीच दिलं नाही."

"आणि ती शेजारीण?"

"त्याच संध्याकाळी गेली. महिनाभराचा तंबू होता तिचा. तिला माझ्यासमोर राहवलं नसेल. मी तिला दोष देत नाही. पोरीला सोडून दाताच्या डॉक्टरकडे मी गेले होते, ती नाही."

"नाव आठवतं?"

"राकेल. आडनाव किनाऱ्यावर कोण विचारतं?"

नाव ओतिलियाबाईंना काही सांगत नव्हतं. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, पुढच्या वर्षी हाच तंबू ठेवू ना?

"नको. शेत विकलं. मार्चमध्ये भावाकडे डेन्मार्कला जाते, कायमची. ही शेवटची सतरा तारीख. इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या, कुणी धावत आलं नाही. आता हात दुखतात."

४

सोळा तारखेला सकाळी देल्फिना आली. उंच, खांदे रुंद, हातात नीट घडी केलेला सुट्टीचा आराखडा. बसमधून उतरल्यावर तिने पहिल्यांदा वास घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"हा वास मला माहीत आहे," ती म्हणाली. "कसा माहीत आहे?"

ओतिलियाबाईंनी तिला कचेरीत बसवलं, कॉफी दिली आणि उशीर झालेला प्रश्न विचारला. "पोरी, तुझ्या आईचं नाव काय?"

"राकेल."

बाईंच्या मनात सगळं एकदम जुळलं. एक्केचाळीस नंबरातली विधवा राकेल, तिची मुलगी ही. शेजारणीचं पोर आपल्या नजरेखालून बुडालं, त्या धक्क्याने राकेलने समुद्र कायमचा सोडला. निळा जिना या पोरीने तेव्हा पाहिला असणार. दुःखद, पण सरळ गोष्ट. त्यांनी ती देल्फिनाला सांगितलीसुद्धा, आणि सांगता सांगताच त्यांना ती खटकायला लागली. गोष्ट एवढी सरळ असेल तर पान कुणी कशाला फाडेल?

देल्फिनाने कॉफीचा कप बाजूला सारला. मग पर्समधून तिने एक फोटो काढला. "आईच्या उशीखाली सापडला. माझा हा एकच बाळपणीचा फोटो. त्यानंतरचे आहेत ते चार वर्षांपासूनचे."

तान्हं बाळ, डोक्यावर लेसची टोपडी, कानात इवले सोन्याचे मणी. यात विशेष काहीच नव्हतं. इथे मुलगी दवाखान्यातून घरी यायच्या आत तिचे कान टोचलेले असतात. ओतिलियाबाईंचे टोचले होते, त्यांच्या आईचे टोचले होते, रस्त्यात भेटणाऱ्या कुठल्याही बाईचे टोचलेले असणार. न टोचलेल्या कानाची मुलगी बघितली की लोक विचारतात, मुलगा का?

त्यांनी फोटोवरून नजर उचलली. देल्फिनाच्या कानात मोठी निळी कर्णफुलं होती.

"जरा काढ ती."

"का?"

"काढ तर."

कर्णफुलं चिमट्याची होती. बाईंनी उठून तिची पाळी दोन बोटांत धरली, उजेडाकडे वळवली, मग दुसरी धरली. भोक नव्हतं. बुजलेल्या भोकाची गाठ नव्हती, वण नव्हता, साधा ठिपकासुद्धा नव्हता.

"कान टोचले नाहीस कधी?"

"आई टोचू द्यायची नाही. विषय काढला की रडायची. का हो बाई? तुमचा चेहरा असा का झाला?"

ओतिलियाबाईंनी फोटो पालथा ठेवला. कान न टोचणाऱ्या घरातली एकच बाई त्यांना त्या किनाऱ्यावर माहीत होती. डेनिश लोक तान्ह्या पोरीच्या कानाला हात लावत नाहीत.

"आज बंदरावर जा, मासे खा," त्या म्हणाल्या. "उद्या चार वाजता गाविओताला ये. तोवर मला काही विचारू नकोस."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं आलं. जानेवारीत असं क्वचित येतं. भर उन्हात समुद्रावरून एक पांढरी भिंत सरकत येते आणि बघता बघता पाणी, वाळू, माणसं, सगळं गिळून टाकते. लोकांनी टॉवेल गुंडाळले आणि ते घरी गेले. सव्वातीन वाजता किनाऱ्यावर कापडाची दारं फडफडत होती, एवढाच आवाज. समुद्र चाळीस पावलांवर होता, पण दिसत नव्हता.

फेर्मिन सामानाच्या खोपटात दोर गुंडाळत होता. ओतिलियाबाई आत गेल्या आणि उलट्या बादलीवर बसल्या.

"पान तू फाडलंस."

तो दोर गुंडाळत राहिला.

"फाटलेली कड पांढरी आहे, म्हणजे हल्लीच फाडलंय. माझं पत्र ऐकलं फक्त तुम्ही दोघांनी. आन्सेल्मो एकसष्टमध्ये इथे नव्हता आणि वही त्यानेच मला काढून दिली. लपवायचं असतं तर माळ्यावरच राहू दिली असती. राहिलास तू. आता मला सांग, जो माणूस पंचवीस वर्षं एक पोर खांद्यावर घेत नाही, आईला खुणा विचारल्याशिवाय पोर देत नाही, त्याने एकदा खुणा न विचारता पोर दिलं होतं की नाही?"

दोर थांबला.

"त्या दिवशी टाळ्या झाल्या होत्या ना, फेर्मिन?"

"झाल्या होत्या," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की बाईंना पुढे वाकावं लागलं. "मी बावीस वर्षांचा होतो, बाई. पाण्याच्या कडेला एकटी रडत उभी होती. खांद्यावर घेतली. लोक टाळ्या वाजवायला लागले. तेव्हा आम्ही पोरांना कापडी टोप्या द्यायचो, तंबूचा आकडा घातलेल्या. टोपीवर एक्केचाळीस होतं. नेली एक्केचाळीसला. ती बाई दोन्ही पोरींना हाका मारत वेड्यासारखी फिरत होती. मी पोर तिच्या हातात दिलं. तिने चेहरा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग पोरीला छातीशी दाबलं आणि खाली बसली. लोक टाळ्या वाजवत होते. दोनशे माणसं. मला वाटलं आनंदाने रडतेय."

"आणि टोप्या बदललेल्या होत्या."

"दिवसभर बदलायच्या त्या. मला माहीत होतं ते. मला माहीत होतं, पण मी आकडा वाचला, तोंड नाही वाचलं."

"कळलं कधी?"

"रात्री. आठवड्यापूर्वी त्या एक्केचाळीसच्या पोरीचा कानातला मणी मीच वाळूतून शोधून दिला होता. माझ्या खांद्यावरची माझा कान धरून बसली होती, तिचा कान माझ्या गालाला लागत होता. कानात काही नव्हतं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "सकाळी त्या बाईचा तंबू रिकामा. मी म्हटलं उद्या सांगू. मग परवा. डेनिशबाई वाळूत बसून होती, तिच्यासमोर मी कुठल्या तोंडाने जाणार? मग वर्ष गेलं, आणि वर्षाने तर सांगणं आणखी अवघड. दर सतरा तारखेला ती टाळ्या वाजवते आणि मी या खोपटात बसतो."

"पान कुठे आहे?"

त्याने डबा उघडून घडी केलेला कागद दिला. एक्केचाळीस: राकेल फेरेय्रा, मुलगी देल्फिना, रिओ क्वार्तो. त्रेचाळीस: इंगा स्कोव आणि मुलगी, त्रेस आरोयोस. कागदाचा एक कोपरा जळलेला होता.

"तुम्ही गाव वाचलंत तेव्हाच मला कळलं. तीन काड्या ओढल्या," फेर्मिन म्हणाला. "नाही जाळवलं."

खोपटाच्या दारात कुणीतरी उभं होतं. देल्फिना चारच्या आधीच आली होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

६

"परत सांगा," ती म्हणाली. "मी अर्धंच ऐकलं."

ओतिलियाबाईंच्या जिभेवर शब्द आले होते, पण त्यांनी ते गिळले. सोनारानेच कान टोचलेले बरे. त्यांनी फेर्मिनकडे पाहिलं. त्याने उभं राहून, हात लोंबते सोडून, सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"म्हणजे देल्फिना बुडाली," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"तिच्या दाखल्यावर मी शाळेत गेले. तिच्या वाढदिवसाला मी केक कापत होते आणि आई आत जाऊन रडायची. मला वाटायचं, मी मोठी होतेय म्हणून रडते." ती भिंतीला टेकली. "तिच्या पोरीसाठी कुणी एक मेणबत्तीसुद्धा लावली नाही. कारण मी होते."

"तू पोर होतीस," ओतिलियाबाई म्हणाल्या.

"चांगली आई होती ती, बाई. मला गोवर झाला तेव्हा नऊ रात्री जागली. आता मी तिला काय म्हणू? चोर म्हणू?"

ओतिलियाबाईंना खूप राग येत होता. राकेलचा, फेर्मिनचा, त्या टाळ्या वाजवणाऱ्या दोनशे मूर्खांचा. पण मेलेल्या बाईवर रागावून काय मिळणार, आणि जिवंत माणूस समोर उभा राहून रडत होता. "तिला काय म्हणायचं ते सावकाश ठरव," त्या म्हणाल्या. "त्याला आयुष्य पडलंय. पण बाहेर एक बाई आहे, ती मार्चमध्ये देश सोडून चाललीय. तिला सांगायचं की नाही, हे आजच ठरवायला हवं. तू नको म्हणालीस तर मी हा कागद स्टोव्हवर धरते आणि आपण तिघं मरेपर्यंत गप्प बसतो. फेर्मिनला सवय आहे."

तेव्हा धुक्यातून टाळ्या आल्या.

एकाच माणसाच्या, दोनच हातांच्या. सावकाश, सारख्या अंतराने, मध्ये न थांबता. धुक्यात त्या कुठून येतात ते कळत नव्हतं. कधी पाण्याकडून वाटत, कधी अगदी खोपटामागून. फेर्मिनने कानांवर हात घेतले. ओतिलियाबाईंनी या टाळ्यांबद्दल आजवर फक्त लोकांकडून ऐकलं होतं.

देल्फिना दारातून बाहेर पडली.

दहा पावलांवर ती दिसेनाशी झाली. ओतिलियाबाई तिच्यामागे गेल्या, तंबूंच्या कापडाला हात लावत, आकडे वाचत. सदतीस. एकोणचाळीस. एक्केचाळीसचं दार बंद होतं.

इंगा तिच्या तंबूसमोर उभी होती, पांढऱ्या स्वेटरमध्ये, डोळे मिटून. पावलांचा आवाज ऐकून तिने डोळे उघडले, पण हात थांबले नाहीत. अशा वेळी तिच्याजवळ कुणी येत नसे. तिने त्या उंच, रुंद खांद्यांच्या बाईकडे आधी रागाने पाहिलं. मग राग गेला आणि ती नुसतीच बघत राहिली. तिची नजर केसांवरून कपाळावर आली, कपाळावरून हनुवटीवर, आणि परत वर गेली.

देल्फिना तिच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. तिने ते दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि आवाज बंद झाला.

"कोण तुम्ही?" इंगा म्हणाली. "तुमचं नाव काय?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."